माश्यांचा घरचा संच

फळमाशीलाही आठवण असते, हे लोकांना पटवण्यात बाईंचं निम्मं आयुष्य गेलं. एखाद्या वासाबरोबर हलकासा झटका बसला, की साधी माशी दुसऱ्या दिवशीही त्या वासाकडे फिरकत नाही. बाईंच्या माश्या मात्र संध्याकाळपर्यंत सगळं विसरून पुन्हा तिथेच हजर. त्यांच्या एका जनुकात बिघाड होता, तो बाईंनी हुडकून काढला होता, आणि ही जात अजून दुसऱ्या कुणाकडे नव्हती.

माश्या पाळणारी माणसं भारी धास्तावलेली असतात. एक संच प्रयोगशाळेत, तर दुसरा कुठेतरी लांब ठेवतातच. बाईंचा दुसरा संच घरी होता, सासूबाईंच्या खोलीत. बाळंतपणात बाई अंथरुणाला खिळल्या, तेव्हा सासूबाई नाक मुरडत ते काम शिकल्या. माश्यांची काचेची कुपी उशीवर आपटायची, माश्या तळाशी पडल्या की झटकन ताजा खाऊ भरलेल्या कुपीवर उपडी करायची आणि कापसाचा बोळा लावायचा. "लोकांच्या सुना मांजरं पाळतात," असं त्या आल्यागेल्याला ऐकवत. पण नातू कॉलेजात गेला तरी त्यांनी हे काम दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही.

यंदा बाई दोन महिने दुसऱ्या संस्थेत, मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली माश्यांचे मेंदू बघत बसल्या होत्या. मध्येच नवऱ्याचा फोन आला. "आईचं जरा वाढलंय गं. परवा मलाच विचारत होती, कुणाकडे आलात म्हणून."

"वय झालंय रे त्यांचं," म्हणून बाईंनी फोन ठेवला. विसरण्यावर जन्म घालवलेल्या बाईंनी! खरं तर रागच येतो, पण कामात बुडालेल्या माणसाला घरचं असंच अर्धवट ऐकू येतं.

परतल्या त्या बॅग घेऊन थेट प्रयोगशाळेत. कुप्या ठेवायचं कपाट रिकामं होतं. मदतनीस मान खाली घालून म्हणाली, "कुप्यांत बारीक किडे शिरले, मॅडम. सगळं जाळावं लागलं. घरच्या आहेत ना?"

बाईंनी बॅग उचलली. खाऊ बदलला नाही तर महिनाभरात कुपीतल्या माश्या मरून संपतात. आणि तो बदलायचं ज्यांच्यावर सोपवलं होतं, त्यांना पोटचा मुलगा आठवत नव्हता.

घरी नवऱ्याने दार उघडलं. बाई बॅग दारातच टाकून आतल्या खोलीत गेल्या.

सासूबाई पलंगावर बसल्या होत्या. मांडीवर उशी, हातात कुपी. ठक, ठक. उपडी. बोळा. कपाटावर कुप्यांची रांग होती आणि प्रत्येकीत माश्यांची वळवळ चालू होती. बाईंनी हात पुढे केला.

"आई, आणा इकडे, मी करते."

सासूबाईंनी कुपी छातीशी धरली. "हात लावू नका हं. आमच्या सुनेच्या आहेत. बाहेरगावी गेलीय ती. येईपर्यंत जगवायला हव्यात."

"आई, आले मी."

"बसा ना. येईलच ती एवढ्यात."

बाई पलंगाच्या कडेला बसल्या. सासूबाईंनी पुढची कुपी घेतली, आपटली, उपडी केली. मग या पाहुणीला ताटकळत कशाला ठेवायचं, असं वाटलं असावं. त्यांनी कापसाचा बोळा पुढे केला.

"घट्ट लावा बरं. उडून गेल्या तर ती काही बोलायची नाही, पण तिला फार वाईट वाटेल."

बाईंनी बोळा घट्ट लावला.