तिसरा तुकडा

"तिसरा फार लवकर झाला हो, डॉक्टरबाबू," मासीमा हिरव्या कापडाखालून म्हणाल्या.

माझा पाय पेडलवर होता, दोन्ही डोळे मायक्रोस्कोपला लावलेले होते, आणि सुई मासीमांच्या डोळ्यात होती. मी नुकताच "तीन झाला" म्हणालो होतो. ऑपरेशन चालू असताना पेशंटने हिशेब विचारावा, असं सहसा होत नाही. मला जरा रागच आला.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनला हल्ली पूर्ण भूल देत नाहीत, हे आधी सांगतो. थेंब टाकून डोळा बधिर करतात. पेशंट जागा असतो आणि सगळं ऐकत असतो. डोळ्याच्या आतलं भिंग धुरकट झालेलं असतं, त्याचे आतल्या आत चार तुकडे करायचे, आणि फेको नावाच्या मशीनच्या सुईने एकेक तुकडा फोडून ओढून घ्यायचा. मग त्या जागी नवी लेन्स बसवायची. तुकडे मोठ्याने मोजायची मला जुनी सवय आहे. किती उरलं ते कळलं की पेशंट घाबरत नाही आणि डोकं हलवत नाही. आमच्या शेफाली सिस्टरला ते "एक झाला, दोन झाला" ऐकून वीट आला होता, पण मी काही सोडत नव्हतो.

मासीमा, म्हणजे बंगालीत मावशी, या डमडमच्या एक निवृत्त शिक्षिका. मुलींच्या शाळेत जन्मभर भूगोल शिकवलेला. त्यांचा डावा डोळा काचबिंदूने केव्हाच गेला होता. मी ऑपरेशन करत होतो तो उजवा. म्हणजे तो बिघडला तर त्यांच्याकडे दुसरा नव्हता. असे पेशंट घ्यायला बरेच सर्जन कां कूं करतात. त्या दोन ठिकाणांहून परत आल्या होत्या आणि मग कुणीतरी त्यांना बालीगंजला, आमच्या हॉस्पिटलमध्ये, माझ्याकडे पाठवलं होतं. पहिल्याच भेटीत त्यांनी विचारलं होतं, "तुम्ही स्वतः करणार ना? नाव तुमचं आणि हात दुसऱ्याचा, असं नको." आमचं बोलणं अर्थातच बंगालीत. माझा जन्म याच शहरातला. वडील केंद्र सरकारच्या नोकरीत बदली होऊन आले ते परत गेलेच नाहीत.

"लवकर म्हणजे?" मी विचारलं.

"पहिल्या दोन वेळी मशीनचा आवाज चढला होता. बराच वेळ चढलेला होता. या वेळी चढलाच नाही."

बाई बरोबर बोलत होत्या. तुकडा सुईच्या तोंडाशी अडकला की त्या मशीनचा सूर चढतो. माझ्या कानाला तो इतका सवयीचा झालाय की मला तो आता ऐकूच येत नाही. मी पुन्हा नीट पाहिलं. मायक्रोस्कोपचा प्रकाश डोळ्याच्या मागच्या पडद्यावरून परत येतो, त्यामुळे आत सगळं तांबूस दिसतं, आणि त्या तांबूस रंगावर भिंगाचा तुकडा राखाडी दिसतो. मला राखाडी काही दिसत नव्हतं. सगळं स्वच्छ लाल.

मी पाय पेडलवरून काढला. माझा डावा डोळा मिटून पाहिलं, मग उजवा मिटून पाहिलं. दोन्ही वेळा तेच. मग नजर जरा बाजूला सरकवली, आणि तिसरा तुकडा दिसला. होता तिथेच होता, सुईपासून केसभर अंतरावर.

मी हात होता तिथेच थांबवला.

याला लोक डोळ्याची अर्धशिशी म्हणतात. खरं तर बहुतेक वेळा डोळ्याचा त्यात काही दोष नसतो. गडबड मेंदूत असते, डोक्याच्या मागच्या भागात, म्हणून एक डोळा मिटून काही फरक पडत नाही. आधी नजरेच्या मधोमध एक छोटी जागा नाहीशी होते. मेंदू मोठा लबाड. जिथे दिसत नाही तिथे तो काळा डाग ठेवत नाही, आजूबाजूचा रंग घेऊन जागा भरून टाकतो. त्याने माझ्या तुकड्यावर लाल रंग फासला आणि मला सांगितलं, झालं तुझं काम. थोड्या वेळाने त्या जागेच्या कडेला चमकणारी नागमोडी रेघ येते, थरथरत मोठी होत जाते, आणि वीस-पंचवीस मिनिटांत निघून जाते. मागोमाग डोकेदुखी. मला हे पूर्वी दोनदा झालं होतं, दोन्ही वेळा घरी, सुटीच्या दिवशी. न्यूरॉलॉजिस्टने सगळ्या तपासण्या करून सांगितलं होतं, "झोपत जा, वेळेवर खात जा, ऑपरेशनांची लिस्ट कमी करा." त्या आठवड्यात यातलं एकही झालं नव्हतं. मे महिना, आदल्या रात्री लाइट गेलेले, आणि सकाळी नीताने, माझ्या बायकोने, केलेले पोहे टेबलावर झाकून ठेवून मी मातीच्या एका कपातल्या चहावर निघालो होतो. लिस्टवर नऊ केसेस होत्या.

तुकड्यामागे एक पापुद्रा असतो, कांद्याच्या सालीहून पातळ. नवी लेन्स त्याच्याच आधाराने बसते. जागा रिकामी आहे असं समजून मी सुई पुढे नेली असती, तर तो फाटला असता. मला फार भीती वाटली. पहिल्यांदा त्यांच्या डोळ्याची वाटली, आणि लगेच माझ्या स्वतःची. ती लपवत नाही.

"शेफाली, जेल दे."

अशा वेळी डोळ्यात घट्ट जेल भरायचं, म्हणजे आतली जागा फुगलेली राहते आणि काही कोसळत नाही. मग सुई सावकाश बाहेर. मी नजर बाजूला ठेवून, कडेने बघत ते केलं. वर ओला बोळा ठेवला. तोपर्यंत चमकणारी रेघ आली होती.

आमच्या ऑपरेशन थिएटरमध्ये एक पद्धत आहे. पेशंट जागा असल्याने त्याच्या डोक्यावर वाईट बातमी बोलायची नाही. काही बिनसलं की "मशीन गरम झालंय" असं म्हणायचं. मग सगळ्यांना कळतं की वरिष्ठांना बोलवायचंय. मी म्हणालो, "मशीन गरम झालंय."

शेफालीने मशीनकडे पाहिलं, मायक्रोस्कोपच्या स्क्रीनकडे पाहिलं. तिला काहीच बिघडलेलं दिसेना. मग तिने माझ्याकडे पाहिलं आणि फोन उचलला.

सान्याल सर, आमचे डायरेक्टर, हात धुवायच्या जागी येऊन उभे राहिले. मी बाहेर जाऊन दोन वाक्यांत सांगितलं.

"किती वेळ राहतं हे?" त्यांनी विचारलं.

"वीस-पंचवीस मिनिटं."

"मग थांबा ना. चहा घ्या, बिस्किट खा, दिसायला लागलं की पुन्हा सुरू करा. मशीन गरम झालंय म्हणून सांगितलंच आहे."

"सर, रेघ गेली तरी पुढे तासभर डोकं जड असतं. मला पाच आकडी नंबर आठवत नाही त्या वेळी. आणि त्यांना हा एकच डोळा आहे."

"मग रुद्राणीला बोलवा."

रुद्राणी माझी जुनी विद्यार्थिनी, खाली ओपीडीत होती. मी तेच म्हणणार होतो.

"बोलावतो. पण आधी पेशंटला सांगतो."

"काय सांगणार?"

"की मला दिसत नाहीये."

सर वाईट माणूस नाहीत. हॉस्पिटल त्यांनी एका खोलीपासून उभं केलंय. "केळकर," ते म्हणाले, "डोळ्याच्या डॉक्टरलाच दिसत नाही, हे उद्या बाहेर पसरलं तर आपल्याकडे येणार कोण? तुमच्या ऑपरेशनांचं काय होईल, विचार केलात का?"

विचार केला होता. माझं वय अठ्ठावन्न. मला दुसरं काही येत नाही. पण खरं सांगू का, त्या क्षणी वाद घालायचंसुद्धा त्राण नव्हतं, आणि मशीनच्या नावाने पुढची गोष्ट रचायचं तर मुळीच नव्हतं. शिवाय त्या बाईंनी मशीनचा आवाज माझ्यापेक्षा नीट ऐकला होता. मशीनबद्दल त्यांना काय सांगणार?

आत गेलो, स्टूल ओढून त्यांच्या डोक्याशी बसलो.

"मासीमा, मशीन ठीक आहे. माझीच नजर गेली आहे. थोड्या वेळापुरती. अर्धशिशीमुळे होतं. तुमचा तिसरा तुकडा मला दिसला नाही, म्हणून मी झाला म्हणालो."

शेफालीच्या हातातली पट्टी तशीच राहिली.

"किती दिसत नाही तुम्हाला?"

"मधलं दिसत नाही. कडेचं दिसतंय."

"मलाही मधलंच दिसत नव्हतं," मासीमा म्हणाल्या. "म्हणून तर तुमच्याकडे आले."

मला हसू आलं, आणि डोळ्यांत पाणीही आलं. दोन्ही एकदम. दमलेला माणूस असाच होतो.

"डोळा सुरक्षित आहे," मी सांगितलं. "दोन तुकडे उरलेत. माझी एक विद्यार्थिनी आहे, रुद्राणी. तिचा हात माझ्यापेक्षा हलका आहे. तिने पूर्ण करावं असं मला वाटतं. पण तुम्ही माझं नाव बघून आलात. नको म्हणालात तर मी तिला बोलावणार नाही. डोळा असाच झाकून ठेवू, आणि मी पुन्हा ठीक झालो की बघू."

"तसं ठेवण्यात धोका आहे?"

"थोडा आहे."

"वय काय तिचं?"

"चौतीस-पस्तीस."

"त्या वयाच्या माझ्या पुष्कळ विद्यार्थिनी आहेत. एकीलाही नकाशात उत्तर दिशा धड सापडायची नाही." मग त्यांनी सुस्कारा टाकला. "बोलवा. पण मोजायचं तुम्हीच."

"मला दिसत नाहीये, मासीमा."

"मलाही दिसत नव्हतं. मी मोजलेच ना?"

रुद्राणी आली, हात धुतले, माझ्या खुर्चीवर बसली. माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मायक्रोस्कोप स्वतःच्या डोळ्यांना जुळवून घेतला. मी स्टुलावर बसून डोळे मिटले. मिटले तरी ती रेघ जात नाही, आत चमकतच राहते. मशीन सुरू झालं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी ते मशीन कानाने ऐकलं. आधी एकसारखी गुणगुण. मग सूर चढला, चढलेला राहिला, तुटत तुटत खाली आला.

"तीन झाला," मी म्हणालो.

"हा खरा," मासीमा म्हणाल्या.

"मासीमा, बोलू नका, डोळा हलतो," रुद्राणी म्हणाली. तिचा आवाज कडक होता. मासीमा गप्प झाल्या. मला वाटतं, तिथेच त्यांना ती आवडली असावी.

चौथा तुकडा चिवट निघाला. सूर चढायचा, सुटायचा, पुन्हा चढायचा. शेवटी तो खाली आला आणि रुद्राणीने मान हलवलेली मला कडेने दिसली.

"चार झाला."

लेन्स बसली. पापुद्रा शाबूत होता. मी चेंजिंग रूममध्ये जाऊन उलटी केली आणि बाकावर आडवा झालो. डोकं फुटतंय असं वाटत होतं. उरलेल्या केसेस काही रुद्राणीने केल्या, काही पुढे ढकलल्या. सान्याल सर दारातून एकदा डोकावले आणि दिवा बंद करून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतः मासीमांची पट्टी काढली. त्यांनी भिंतीवरचा तक्ता शेवटून दुसऱ्या ओळीपर्यंत वाचला. मग वळून माझ्याकडे नीट पाहिलं.

"तुम्ही असे दिसता होय," त्या म्हणाल्या. "फार दमलेले दिसता."

एवढी खरी तपासणी माझी त्या न्यूरॉलॉजिस्टनेही केली नव्हती.

पुढे काय झालं ते थोडक्यात. मी सरांना लेखी दिलं की रुद्राणी किंवा दुसरा सर्जन त्या मजल्यावर नसेल, तर मी चाकू उचलणार नाही, आणि लिस्टवर पाचाहून जास्त केसेस घेणार नाही. सरांनी कुरकुर केली आणि सही केली. नीता आता पोह्यांची बशी रिकामी झाल्याशिवाय दार उघडत नाही. गोळ्या चालू आहेत. त्यानंतर एकदा पुन्हा झालं, पण ओपीडीत, चष्म्याचा नंबर लिहिताना. पेन खाली ठेवून बसून राहिलो.

सरांची एक भीती मात्र खरी ठरली. बातमी पसरली. मासीमांनी ती डमडममध्ये ज्याला त्याला सांगितली. मेट्रोत सांगितली, शेजारी सांगितली, एके काळच्या सगळ्या विद्यार्थिनींना फोन करून सांगितली. महिनाभर सर माझ्याशी तुटक वागत होते. मग डमडमकडून पेशंट यायला लागले. आधीपेक्षा जास्तच. फक्त आता प्रत्येक जण टेबलावर आडवा झाला की, कापड घालायच्या आधी, एकच प्रश्न विचारतो, "डॉक्टरबाबू, आज दिसतंय ना तुम्हाला?"

सुरुवातीला मला त्याचा त्रास व्हायचा. एवढी वर्षं हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता, मीही स्वतःला विचारला नव्हता. आता मी एक डोळा मिटून समोरचं घड्याळ बघतो, मग दुसरा मिटून बघतो, आणि दोन्ही काटे जागेवर असले तर सांगतो, "दिसतंय." त्यानंतरच हात धुवायला जातो.