घाटीच्या वळणावरची उडवी

मे १९६१, महिन्यातला शेवटचा सोमवार. वेळ सकाळची, ऊन चांगलं वर आलेलं. गाडीत हजर : माझा थोरला भाऊ दादा, दिवस भरलेली वहिनी, गाडीवाला बाबल आणि मी. एकूण चौघं. पाचवं माणूस वाटेवर होतं, पण त्याची मोजणी नंतर.

आधी एक सांगते. मी शाळेत शिवण शिकवते. कापड मापून घ्यायचं आणि मगच कात्री लावायची, ही माझी सवय. भूतखेत, चकवा, अंगात येणं — यातलं काही मी कधी मानलं नाही. आजही मानते असं नाही. पण त्या सकाळचं माप मला अजून जुळवता आलेलं नाही… म्हणून लिहिते आहे.

वहिनीला पहाटेपासून कळा सुरू झाल्या होत्या आणि मूल आडवं होतं. गावची सुईण हात जोडून म्हणाली, "माज्यान जमाचा नाय. मालवणाक न्हेवा, बेगीन." दादाने बाबलची भाड्याची मोटार आणली. गाडी जुनी, पण बाबल सावध माणूस. निघण्यापूर्वी ब्रेक दाबून बघणार, चाकाला लावायचा लाकडी ठोकळा मागे टाकणार, मगच किल्ली फिरवणार. त्या दिवशीही त्याने हे सगळं केलं. मी स्वतः पाहिलं आहे.

खाडीकडे उतरणारी घाटी लागली. माथ्यावर राखणदाराचा, म्हणजे वाट सांभाळणाऱ्या देवाचा, दगड आहे. बाबलने नेहमीसारखा हॉर्न वाजवून त्याला नमस्कार केला आणि गियर खाली घेतला. त्याबरोबर गाडी हिसके देत उतरायला लागली आणि प्रत्येक हिसक्याला वहिनी माझा हात पिळायची.

"रे बाबल," ती दात आवळून म्हणाली, "ह्या पोराक रस्त्यारच जल्माक घालूचा आसा काय?"

दादा कासावीस झाला. "बाबल, न्यूट्रल कर. अलगद सोड गाडी. तिका सोसणा नाय रे!"

"दादानू, उतरणीर गाडी गियरातच व्हयी. नुसत्या ब्रेकार माजो इश्वास नाय."

"माजो तुज्यार आसा. सोड!"

वहिनी पुन्हा ओरडली. बाबलने मान हलवली आणि गाडी न्यूट्रलमध्ये सोडली. खरं सांगते, किती बरं वाटलं! पाळण्यात बसल्यासारखी गाडी तरंगत निघाली. वहिनीने डोळे मिटले. बाबल ब्रेक दाबून वेग सांभाळत होता. मग रबर जळल्यासारखा वास आला, आणि त्याचा पाय खाली गेला तो पार तळाला टेकला.

"ब्रेक लागणा नाय."

अगदी हळू म्हणाला. नंतर गियर टाकायला गेला तर नुसता करकराट. हातातला ब्रेक ओढला, त्याचाही उपयोग नाही. मग मात्र तो खेकसला, "उजव्या बाजूक सरका! डोकी खाली घाला!" आणि गाडी त्याने मुद्दाम डावीकडच्या दरडीला घासली. जांभ्या दगडावर पत्रा किंचाळला, आरसा उडाला, माझ्या बाजूचं दार आत आलं. वेग थोडा कमी झाला, पण पुरेसा नाही. दरड संपली. पुढे रस्ता डावीकडे वळतो. समोर सपाट कातळ आणि त्याच्यापलीकडे काही नाही. खाली खाडी.

मी वहिनीवर पालथी पडले. पण पडायच्या आधी समोर पाहिलं. कातळावर भाताच्या गवताची उडवी उभी होती. झोडणी झाल्यावर शेतात रचून ठेवतात तशीच, गोल, माणसापेक्षा उंच, सोन्यासारखी पिवळी. बाबलने स्टिअरिंग सरळ धरलं.

आवाज झाला तो फक्त "भस्स" असा. उशीत डोकं टेकवावं तशी गाडी त्या गवतात शिरली आणि थांबली. फुटलेल्या काचेतून गवत आत आलं. सगळीकडे नव्या भाताचा वास. मला आठवतं, त्या क्षणी मी घाबरलेली नव्हते. देवळात घंटा वाजून थांबल्यावर जसं होतं, तसं काहीतरी झालं होतं.

पहिली बोलली ती वहिनी. "माका काय्येक झाला नाय. चला आता."

बाबलने गाडी मागे घेतली आणि उरलेली उतरण पहिल्या गियरमध्ये मुंगीच्या चालीने उतरला. दादा ठोकळा हातात घेऊन चाकाशेजारी चालत होता. मागे वळून बघायला कुणाला सवड नव्हती.

मालवणला डॉक्टरांनी मूल फिरवून घेतलं. मुलगी झाली. दोघी सुखरूप. नर्सबाई वहिनीच्या वेणीतून काड्या वेचत म्हणाल्या, "काय हो, मळणीवरनं उठून आलात की काय?"

चार दिवसांनी मी, दादा आणि बाबल त्या वळणावर गेलो. उडवीवाल्याला शोधून त्याचे आभार मानायचे होते आणि विस्कटलेलं गवत रचून द्यायचं होतं. दरडीवर आमच्या गाडीचा रंग होता. कातळावर टायरचे काळे पट्टे होते. ते कडेच्या दोन वीत अलीकडे थांबले होते. उडवी नव्हती. एक काडीसुद्धा नव्हती.

जवळच घर असलेला एक शेतकरी बैल घेऊन जात होता. त्याला विचारलं.

"हंय उडवी?" तो हसला. "बाई, वारो बघतास मां? हंय एक काडी रवाची नाय. आनी ह्या गरमेत नवा गवात खंयसून इला?"

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. भात कापायचं आश्विन-कार्तिकात. मे महिन्यात सगळ्या गावचं गवत जुनं, करडं, धुळीचा वास येणारं. आमच्या गाडीत शिरलं ते नवं होतं.

भास म्हणावा तर चौघांना एकच? आणि गाडीतून झाडून काढलेलं ओंजळभर गवत दादाने परड्यातल्या गायीपुढे टाकलं होतं. तिने ते खाल्लं. भासाचं गवत गाय खात नाही.

तेव्हापासून मी कुठल्याही गाडीत बसले की आधी विचारते : ब्रेक दाबून पाहिलास? उतरणीला गियर टाकतोस ना? ठोकळा घेतलास? गाडीवाले हसतात. हसू देत.

बाबलने राखणदाराला नारळ दिला. त्याच्यापुरतं ते मिटलं. पण आमच्या गावात रीत आहे. अडीअडचणीला दुसऱ्याच्या उडवीतलं गवत घेतलं, तर पुढच्या कार्तिकात गवतच परत द्यायचं. नारळ चालत नाही, पैसा चालत नाही, आणि ज्याचं गवत होतं त्याने "पोचला" म्हणायला हवं. एका वर्षी भारा त्या कातळावर नेऊन ठेवला. आम्ही गाडीत बसेपर्यंत वाऱ्याने तो खाडीवर उधळून दिला. दादा म्हणाला, "बघ, पोचला." मी म्हटलं, "पण पोचला म्हटल्यान कोणी?"

मुलगी आता शाळेत जाते. यंदाचा भारा तिनेच माझ्याबरोबर बांधला. पडवीत उभा करून ठेवला आहे. द्यायचा कुणाला, ते अजून विचारून व्हायचं आहे.