भाऊच्या ओळी

नव्वदच्या आसपास जळगावात माझा कॉम्प्युटर क्लास होता. माझ्याहून दहा वर्षांनी मोठा भाऊ धरणगावकडची शेती बघायचा. आमच्या सामाईक विहिरीवर भाऊबंदांची आठ शेतं भिजायची आणि पाण्याच्या पाळीवरून भांडण ठरलेलंच. म्हणून मी बेसिक या कॉम्प्युटरच्या भाषेत पाळीची यादी छापणारा प्रोग्राम लिहिला.

भाऊ दर शनिवारी एसटीने यादी न्यायला यायचा. मॅट्रिक नापास माणूस, पण बघून बघून बेसिक शिकला. बेसिकचा इंटरप्रिटर एकेक ओळ वाचत जातो. मध्येच थांबवा, ओळ बदला, पुन्हा चालवा. भाऊला हे फार मानवलं. कुणाकडे लग्न, कुणाचा बैल आजारी, तशी तो पाळी फिरवायचा. का फिरवली तेही 'रेम' लिहून पुढे नोंदवायचा, इंग्रजी अक्षरांत, आपल्या अहिराणीत. रेमची ओळ मशीन सोडून देतं; ती माणसांनी वाचायची असते.

क्लासची पोरं ती वाचून खिदळायची. माझे कान तापायचे. मी पडदाच पुसून टाकायचो.

मग मी कंपायलर मिळवला. तो सगळा प्रोग्राम एकदाच यंत्राच्या भाषेत उतरवतो. पुढे प्रोग्राम झपाट्याने चालतो आणि कुणाला त्यात हात घालता येत नाही. आठ शेतांच्या यादीला कसला आलाय झपाटा! अति शहाणा त्याचा बैल रिकामा. माझ्या हुशारीच्या भरात मी मूळ प्रोग्राम फ्लॉपीवरून पुसूनही टाकला.

शनिवारी भाऊने ओळी बघायला बटणं दाबली. काहीच दिसेना.

"आते मी मन्ही ओळ कोठे लिखू?"

"आता लिहायची गरजच नाही, भाऊ."

त्याने छापलेली यादी घडी करून खिशात ठेवली आणि चार वाजताची एसटी धरली. त्यानंतर तो खुर्चीवर कधी बसला नाही. दारातच यादी घ्यायचा.

त्याच वर्षी त्याला कावीळ झाली. दिवाळीच्या आत भाऊ गेला.

तेराव्यानंतर मी क्लासवर येऊन कंपायलरने बनवलेली ती फाईल उघडली. नुसती वेडीवाकडी चिन्हं. कंपायलर रेमच्या ओळी उतरवून घेतच नाही, हे मीच पोरांना शिकवायचो. तरी शोधत बसलो. रडलो.

पुढे गावी गेलो तेव्हा विहिरीवर काकू भेटली. काका गेल्यापासून ती एकटीच शेत करायची. यादीत तिची पाळी नेहमी दिवसाची असायची. ती भाऊने लावलेली.

"मन्हासाठे त्यानी मशीनमा एक ओळ लिखेल व्हती म्हने," काकू म्हणाली. "काय व्हती रे ती?"

भाऊची एकही ओळ मी कधी पुरती वाचली नव्हती.