हॅलोबाईंना प्रसंग आठवेना

दारावरची बेल वाजली की कडी काढता काढता त्या म्हणायच्या, "हॅलो, बोला." म्हणून अख्ख्या इमारतीत त्या हॅलोबाई. उमर गेली इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डावर. मग तिथे 'एक दाबा, दोन दाबा' म्हणणारं यंत्र आलं आणि बाईंना फुलांचा गुच्छ देऊन घरी बसवलं. गुच्छ त्यांनी बादलीत ठेवला. धुण्याला बादली लागली, तेव्हा काढून टाकला.

नवरा आधीच गेलेला, मुलाच्या कारखान्याला टाळं. बाईंना एका लॅबच्या चौकशी काउंटरवर नोकरी लागली नाही, तर हे घर सोडावं लागणार होतं. घरात हे कुणी बोलत नव्हतं, जाणत सगळे होते.

सून एका कचेरीत माणसं नेमायचं काम करायची. तिने मुलाखतीच्या तयारीसाठी सासूला स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी समोर बसवलं.

"आई, चिडलेल्या माणसाला शांत केलंत असा एखादा प्रसंग सांगा."

"नाही आठवत."

"इतकी वर्षं फोन घेतलेत. एक तरी चिडला असेल?"

"रोज चिडायचे. मी जोडून द्यायचे."

"मग?"

"मग पुढचा फोन."

बाई आढेवेढे घेत नव्हत्या. बोर्डावर बसल्या त्या दिवशीच जुन्या ऑपरेटरने बजावलं होतं: ऐकायचं, जोडायचं, विसरायचं, घरी न्याल तर घास उतरणार नाही. बाईंनी ते असं अंगी बाणवलं की एवढ्या वर्षांत इस्पितळातली एक चटकदार बातमी त्यांच्या तोंडून बाहेर पडली नाही. शेजाऱ्यांचं केवढं नुकसान!

सुनेने हात टेकले. "मीच रचते एक. काय घडलं, तुमचं काम काय, केलंत काय, निष्पन्न काय. या क्रमाने बोलायचं. एक माणूस ओरडतोय, तुम्ही समजावता, शेवटी तो रडत आभार मानतो."

"रडवू नकोस गं त्याला. लाइन अडून राहते."

"बरं, नाही रडत. पाठ करा."

बाईंनी पाठ केलं. पण मुलाखतीत लॅबच्या साहेबाने चिडक्या माणसाचं विचारलंच नाही.

"दडपणाखाली शांत राहिलात असा प्रसंग?"

बाईंनी पदर सारखा केला. मग बोर्डावरच्या आवाजात सुरू झाल्या.

"काय घडलं, तर तातडीच्या विभागासाठी फोन आला. आमच्या इमारतीखालच्या न्हाव्याचा. दाढी करताना माणूस खुर्चीतून कोसळला म्हणाला. नाव सांगितलं, ते आमच्या ह्यांचं. माझं काम जोडून द्यायचं. 'थांबा, जोडते' म्हटलं आणि जोडलं. निष्पन्न... फोन लगेच लागला."

साहेबाचं पेन थांबलं. "आणि ते?"

"ते विभागाचं काम. मी पुढचा फोन घेतला."

साहेबाने पेनाला टोपण लावलं. मग म्हणाला, "सोमवारपासून या."

घरी सून दारातच उभी. "झालं का? मी रचलेला सांगितलात ना?"

"लागली नोकरी. दुसरंच विचारलं."

"मग सांगितलंत काय?"

बाईंनी चपला कोपऱ्यात सरळ लावल्या. "नाही आठवत."

"धन्य आहे तुमची," म्हणत सून हसली आणि नवऱ्याला फोन लावायला आत गेली. बाईंनी माठातलं पाणी घेतलं, उभ्याने प्यायल्या, आणि पेला विसळून पालथा घातला.