देवळाच्या दारातल्या चपला

२०१८ साली मी एकाहत्तर वर्षांचा होतो. आमच्या ख्रिस्ती मंडळीचं पुढारपण जुन्या पाळकांकडं ठेवायचं का नव्या प्रचारकाकडं द्यायचं, यावरनं दोन तट पडले. मी प्रचारकाचा. चर्चला आम्ही देऊळच म्हणतो. भर सभेत "या देवळात परत पाऊल टाकणार न्हाई" म्हणालो आणि रागानं अनवाणीच घरी आलो.

देवळाचा राखणदार लय हळू बोलणारा आणि पाळकांचा पक्का माणूस. उपासना चालू असताना तो दारातल्या सगळ्यांच्या चपला पुसून, तोंडं बाहेर करून जोडीनं लावतो. माझ्या शिराळ्याच्या चपलाही दर रविवारी रस्त्यावरनं तिथं मांडलेल्या दिसायच्या. मी पण हट्टानं नव्या घेतल्या न्हाईत.

एका शनिवारी पायात बाभळीचा काटा मोडला, तवा त्याच्याकडं गेलो.

"माझ्या चपला दे."

"आवं तात्या, चपला उपासना झाल्यावर मिळत्यात."

"मी अजून प्रचारकाचाच हाय!"

"व्हय की. आन् मी पाळकांचा. पर पाय तुमचाच दुखतोय न्हवं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लंगडत देवळात गेलो, पाळकांच्या बरोबर समोर बसलो आणि त्यांच्याहून मोठ्यानं गीतं गायलो. मग चपला घातल्या.