भासऱ्यांचा गोबर गॅस

सूर्य उशिरा उगवला म्हणून त्याच्यावर डाफरणारा माणूस साऱ्या गडचिरोली जिल्ह्यात एकच, आणि तो आमच्याच घरात आहे. माझे भासरे, म्हणजे आमच्या यांचे थोरले भाऊ. ऐंशीच्या घरात आलेत, पण रोज सकाळी शिडी लावून छपरावरच्या सोलरच्या प्लेटा जुन्या धोतराने पुसतात आणि आभाळाला विचारतात, "काऊन गा, आज दांडी मारून राह्यला का?" सोलर हे त्यांचं म्हातारपणचं प्रेम. तरुणपणचं प्रेम शेण. अंगणात गोबर गॅसची टाकी बांधली आणि त्यांना जगात दुसरं काही दिसेना. एका चुलत पुतण्यासाठी मुलगी पाहायला गेले, तर तिला रांधता येतं का हे सोडून तिच्या बापाला म्हणाले, "रोजचं शेण किती निंघते?" सोयरीक मोडता मोडता राहिली.

टाकी बांधली तेव्हा मी नवी सून, चंद्रपूरची. माहेरी वाळवणावर कोळशाची काजळी बसायची आणि आम्ही ते पापड मिरे घातलेले समजून खायचो, पण नाक केवढं वर! धाकट्या सुनेने भासऱ्यांशी थेट बोलू नये, ही रीत. म्हणून ते म्हशीला सांगत आणि मी भिंतीला उत्तर देई. चुलीच्या धुराने सासूबाईंना दमा जडला होता. बोलता बोलता श्वास अडके. "माय धुरानं मरून राह्यली, अन् हिले चूल पायजे," ते म्हशीला म्हणत. "शेणाच्या वाफेवर देवाचा नैवेद्य शिजत नसतो," मी भिंतीला ठणकावी. भिंतीने कधी विरोध केला नाही, तेव्हा माझंच खरं, ही माझी खात्री.

पोळ्याच्या दिवशी पाऊस कोसळत होता. पुरण गॅसवर घालायचं नाही म्हणून मी माहेरची कोळशाची शेगडी पेटवली, आणि भासऱ्यांना कळू नये म्हणून दार-खिडकी घट्ट लावली. काय ती हुशारी! निखारे लाल झाले, धूर दिसेना, मी खूश; कोळशाचा कोंडलेला वायू डोळ्यांना दिसत नसतो, हे कुणाला ठाऊक! इतक्यात वड्यांची डाळ वाटणाऱ्या सासूबाई पाट्यावरच कलंडल्या. उठवायला गेले तर माझेच पाय गळाले.

दार लाथेने उघडलं. "उठ व पोरी, बाहीर निंघ!" रीत मोडून भासरे माझ्याशी बोलले ते तेवढंच. आईला उचलून त्यांनी पडवीत आणलं, वळचणीचं पाणी तोंडावर मारलं. कितीतरी वेळ श्वास परतेना. मी देवाला हात जोडले, मग म्हशीलाही. शेवटी सासूबाईंनी डोळे उघडले. "पुरण करपलं का व?"

आता शिव्या पडणार म्हणून मी मान खाली घालून उभी. भासरे सरळ गोठ्यात गेले आणि झूल घातलेल्या बैलाला म्हणाले, "तुयी पूजा करतेत, अन् तुया शेणाले नाक मुरडतेत. तूच समजाव गा बावा." नैवेद्य गॅसवर झाला. बैलाने चाटूनपुसून खाल्ला.

पुढे सासूबाई बारा पावसाळे जगल्या. दमा पुरता गेला नाही, पण माझ्याशी एका दमात भांडता येईल एवढा श्वास त्यांना परत मिळाला, आणि त्यांनी तो वाया घालवला नाही.

त्यांच्या तेरवीचे पाहुणे गेल्यावर भासरे स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन बसले. चहाखाली निळी ज्योत जळत होती. डोळे पुसत ते कुणालाच नाही असं म्हणाले, "किती धूर झाला घरात."

जन्मभर धुरावरून वाद घालणारी मी. त्या दिवशी चहा गाळता गाळता म्हटलं, "हो ना. लाकडं ओली होती."