दत्ताचा निवद आणि राजाची खाज

"मॅडम, याला एकदाचं झोपवून टाका. आम्ही थकलो."

खराडीचा प्रशांत आपला लॅब्रेडॉर माझ्या टेबलावर चढवत म्हणाला. झोपवणं म्हणजे इंजेक्शन देऊन कायमचं. राजाच्या पाठीवरचे केस गेलेले, पोट लालभडक, कानामागे खाजवून खाजवून रक्त. तरी तो माझा हात चाटत होता. माझं डोकंच फिरलं.

"खाजेसाठी जीव घेतात होय?"

"नेटवर होलिस्टिक म्हणून दिलेलं सगळं केलं. कडुलिंब, हळद, खोबरेल. सोफा गेला, खाज तशीच. सोसायटीवाले म्हणतात, लिफ्टमधून आणू नका, आम्हाला लागेल."

ॲलर्जी लागत नाही, पण सोसायटीला कोण सांगणार? आणि होलिस्टिक म्हणजे तेल चोपडणं नव्हे. पिसवा, अंघोळ, अंथरूण, अन्न, सगळं मिळून बघायचं असतं. पिसवा नव्हत्या. कातडी खरवडून मायक्रोस्कोपखाली पाहिली, किडे नाहीत. उरलं अन्न. मग डाएट ट्रायल लावली. म्हणजे राजानं कधी न खाल्लेलंच द्यायचं, मासा आणि रताळं. बाकी एक कणही नाही.

"दोन महिने बघतो," प्रशांत म्हणाला. "मग मात्र ऐकणार नाही."

खाज जरा उतरायची, की परत उसळायची. घरचे शपथेवर सांगायचे, दुसरं काही देत नाही. मुदत संपत आली, तेव्हा प्रशांतचे वडील, आबा, राजाला घेऊन आले. त्यांच्या शेतावर आता आयटी पार्क आहे.

"आबा, खरं सांगा. काय काय खातो हा?"

"मासा आन् रताळं. दुसरं काय बी न्हाय."

"पोळी? दूध?"

"त्ये व्हय? गुरुवारी दत्ताचा निवद असतोय याला, दूध-पोळी. दत्ताच्या पायाशी कुत्री असत्यात ना? राजाची खाज जाऊ दे म्हणून नवस बोललोय."

"अहो, मग खाणंच झालं की ते!"

"खाणं कसं? परसाद हाय त्यो."

अरे देवा! घरात सगळ्यांना माहीत होतं, आणि कुणीच ते खाण्यात धरलं नव्हतं. माझा संशय नेमका गहू आणि दुधावर होता. ॲलर्जी असली की एवढा घासही पुरतो. हे सांगितलं तसे आबा बाकावर बसलेच.

"मंजी मीच त्याला खाज आणीत हुतो?"

मला रागवायचं होतं. जमलं नाही. "निवद दाखवा आणि तुम्हीच खा," एवढंच मी म्हणाले. प्रशांतला फोन करून सगळं सांगितलं, अजून थोडे दिवस मागितले. "बघतो," म्हणाला.

पुढे आबा आले ते एकटेच.

"निवद बंद केला, बाई. राजा गप झोपाया लागला हुता. तरी प्रशांतनं दुसऱ्या डॉक्टरकडं नेऊन त्याला कायमचा झोपवला. म्हनला, खाज परत चालू हुईल. बरा झाला असता का हो?"

खोटं बोलता आलं असतं. "हो, आबा," मी म्हणाले. ते मान हलवून जिना उतरले. त्या दिवशी मी पुढचा पेशंट घेऊ शकले नाही.

आता मी पहिल्याच दिवशी विचारते, देवापुढचं काय देता? लोक हसतात. हसोत. राजाला त्याचा काही उपयोग नाही.